'नेक्स्ट' दिलं की जीडीबी भलत्याच थ्रेडमध्ये का जातो?

प्रश्न थोडक्यात असा. लिनक्सवर सी++ मध्ये लिहिलेला, आठ वर्कर थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एक सर्व्हर आहे. जीडीबीत, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून आतून तपासणाऱ्या डीबगरमध्ये, `नेक्स्ट` (एक ओळ पुढे जा) दिलं की पुढच्या ओळीऐवजी दुसऱ्याच फंक्शनमध्ये, दुसऱ्याच थ्रेडमध्ये जाऊन थांबतो. काही ब्रेकपॉइंट (थांबायला सांगितलेल्या जागा) लागतच नाहीत. मधूनच `नेक्स्ट` परत येत नाही आणि जीडीबी गोठल्यासारखा वाटतो. हा सगळा खटाटोप ज्या बगसाठी चालला आहे तो बग, म्हणजे सर्व्हरचं अधूनमधून अडकून पडणं, जीडीबीखाली चालवलं की दिसतच नाही. जीडीबी बिघडला आहे का, दुसरा डीबगर घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

जीडीबी बिघडलेला नाही, आणि दुसरा डीबगर घेऊन फारसं हाती लागणार नाही. लिनक्सवर एलएलडीबी हा दुसरा डीबगर घेतला तरी खाली कर्नलचा तोच पीट्रेस (एका प्रोसेसने दुसरीवर ताबा ठेवण्याचा) सिस्टम कॉल आहे. तुमच्या तक्रारींमागे तीन वेगळी कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की माणूस गोंधळतो. पहिलं, जीडीबीला तुमचे थ्रेड आणि तुमचा कोड नीट दिसतो का. दुसरं, एक थ्रेड एक ओळ पुढे जाताना बाकीच्यांनी चालायचं की थांबायचं हे तुम्ही ठरवलेलं नाही, ते जीडीबीच्या डीफॉल्टवर सोडलं आहे. तिसरं, प्रोग्रॅम थांबवला की थ्रेडांच्या वेळेचं गणितच बदलतं. पहिली दोन कारणं सेटिंगने सुटतात. तिसरं सुटत नाही, तिथे कामाची पद्धत बदलावी लागते. तुमचा मूळ बग तिसऱ्या गटातला आहे, म्हणून उत्तराचा जास्त भाग त्यावर खर्च करतो.

काही गोष्टी तुमच्या मशीनवर अवलंबून आहेत: जीडीबीची आवृत्ती, ग्लिबसीची (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीची) आवृत्ती, प्रोग्रॅम कंटेनरमध्ये आहे की थेट मशीनवर, आणि बिल्ड कोणत्या ऑप्टिमायझेशनने झाला आहे. खाली एक्स८६-६४ आणि ग्लिबसी धरून लिहिलं आहे. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना नेहमीच्या अक्षरांत करायच्या हे उघड आहे.

आधी दृष्टी तपासा. प्रोग्रॅम जीडीबीत चालू करा, कंट्रोल-सी दाबा आणि `इन्फो थ्रेड्स` द्या. प्रत्येक ओळीत थ्रेडचा जीडीबीने दिलेला क्रमांक, पीथ्रेडचा (थ्रेड लायब्ररीतल्या ओळखीचा) पत्ता, कंसात एलडब्ल्यूपी (कर्नलने थ्रेडला दिलेला) क्रमांक आणि अवतरणात नाव दिसलं पाहिजे. पत्ता गायब आणि नुसतं एलडब्ल्यूपी दिसत असेल, किंवा सुरुवातीला लिबथ्रेड_डीबी जुळत नसल्याची सूचना येऊन गेली असेल, तर जीडीबीला ग्लिबसीची ती मदतनीस लायब्ररी मिळालेली नाही. कर्नल नवे थ्रेड तरीही कळवतो, त्यामुळे यादी दिसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण थ्रेड-लोकल व्हेरिएबल (प्रत्येक थ्रेडची वेगळी प्रत असणारं) वाचायला गेलात की जीडीबी हात वर करतो. नेहमीची कारणं तीन. प्रोग्रॅम एका ग्लिबसीवर चालतोय आणि जीडीबी दुसरीच लायब्ररी उचलतोय, हे कंटेनरमध्ये फार होतं. लायब्ररी नेहमीच्या जागी नाही, म्हणून ऑटो-लोडच्या सुरक्षित मार्गांच्या यादीत बसत नाही आणि जीडीबी ती नाकारतो. किंवा कुणीतरी इमेज लहान करण्याच्या नादात लिबपीथ्रेड ही थ्रेडांची लायब्ररी पूर्ण स्ट्रिप केली आहे (आतली नावांची यादी काढून टाकली आहे) आणि एनपीटीएलची, म्हणजे ग्लिबसीच्या थ्रेड यंत्रणेची, आवृत्ती सांगणारा सिम्बॉलच उडाला आहे. ग्लिबसी २.३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, लिबपीथ्रेड मुख्य लिबसीतच आहे, तेव्हा नव्या सिस्टमवर हाच प्रश्न लिबसी स्ट्रिप केल्यावर येतो. नक्की काय अडलं ते पाहायला `सेट डीबग लिबथ्रेड-डीबी १` द्या आणि पुन्हा चालवा; कोणती फाइल कुठून उघडायचा प्रयत्न झाला ते ओळीने छापून येतं. मग `सेट लिबथ्रेड-डीबी-सर्च-पाथ` किंवा `ॲड-ऑटो-लोड-सेफ-पाथ` यांपैकी लागेल ते वापरा.

याच टप्प्यावर थ्रेडांना नावं द्या. कोडमध्ये थ्रेड सुरू होताच `पीथ्रेड_सेटनेम_एनपी` बोलवा. नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे, त्याहून लांब दिलं तर कॉल एरर परत करतो आणि नाव लागत नाही, म्हणून "वर्कर-३", "टायमर", "नेट-रीड" असं आटोपशीर ठेवा. जीडीबीचे थ्रेड क्रमांक निर्मितीच्या क्रमाने पडतात आणि दर वेळी तेच पडतील याची हमी नसते. आठ सारख्या वर्करांत कोण कोण हे नावाशिवाय ओळखणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे.

ब्रेकपॉइंट न लागण्याचं कारणही बहुधा दृष्टीचंच असतं. `इन्फो ब्रेकपॉइंट्स` द्या. समोर "पेंडिंग" असेल तर ती लायब्ररी अजून लोड झालेली नाही, किंवा फाइलचं नाव चुकलं आहे. एकाच ब्रेकपॉइंटखाली २.१, २.२ अशा ओळी दिसल्या तर फंक्शन अनेक ठिकाणी इनलाइन झालं आहे (बोलावण्याच्या जागीच उतरवलं गेलं आहे), ते चालेल. सर्व्हर सुरू होताना फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) पार्श्वभूमीला जात असेल, तर जीडीबी डीफॉल्टने मूळ प्रोसेसबरोबर राहतो आणि खरं काम करणारं मूल हातातून निसटतं. `सेट फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड` हे त्यावर उत्तर. त्याहून सोपं म्हणजे सर्व्हरला पुढेच राहायला सांगणारा पर्याय असेल तर तो द्या. चौथं कारण थ्रेडशी बांधलेल्या ब्रेकपॉइंटचं आहे, ते पुढे येतंच.

ऑप्टिमायझेशनबद्दल एक आग्रह. बहुतेक जण डीबग करायचं म्हणून `-ओ०` ने (ऑप्टिमायझेशन बंद ठेवून) बिल्ड करतात. साध्या प्रोग्रॅममध्ये ते बरोबर आहे. पण थ्रेडांच्या बगसाठी पहिला प्रयत्न त्याच ऑप्टिमायझेशनने करा ज्याने बग दिसतो, सोबत `-जी` (डीबगची माहिती जोडणारा पर्याय) लावा. `-जी` ने बनणारा मशीन कोड बदलत नाही, फक्त माहितीचे विभाग वाढतात. काही व्हेरिएबलसमोर "ऑप्टिमाइझ्ड आउट" दिसेल, तेवढं सोसा. `-ओ०` ने व्हेरिएबल सगळी दिसतात आणि बग नाहीसा होतो, हा सौदा तोट्याचा आहे. अगदीच अडलं तर `-ओजी` हा मधला मार्ग.

आता उडीचं कारण. जीडीबी डीफॉल्टने "ऑल-स्टॉप" पद्धतीत असतो. कोणताही एक थ्रेड थांबला की सगळे थांबतात. हे सगळ्यांच्या लक्षात येतं. याची दुसरी बाजू मात्र सहज निसटते: तुम्ही `नेक्स्ट` दिलं की सगळे सुटतात. तुमचा थ्रेड एक ओळ ओलांडेपर्यंत बाकीचे सात वर्कर मोकाट धावतात, आणि त्यांच्यापैकी एक त्याच ब्रेकपॉइंटवर आधी पोचला तर जीडीबी तुमचं `नेक्स्ट` सोडून देतो आणि "स्विचिंग टू थ्रेड" अशी ओळ छापून नव्या थ्रेडवर जातो. ती ओळ नजरेआड झाली की पुढची प्रत्येक कमांड भलत्या थ्रेडला लागते. `बीटी` दाखवतो तो स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची साखळी), `प्रिंट` दाखवतं ते लोकल व्हेरिएबल, सगळं दुसऱ्याचं. म्हणून थांबल्या थांबल्या नुसतं `थ्रेड` द्यायची सवय लावा, आपण कुठे आहोत ते कळतं.

उपाय:

`सेट शेड्युलर-लॉकिंग स्टेप`

ही कमांड प्रोग्रॅम सुरू झाल्यावर द्यायची, म्हणजे `स्टार्ट` करून मेनमध्ये थांबल्यावर. त्याआधी दिली तर हे टार्गेट ती कमांड पाळू शकत नाही, असा नकार मिळतो; जीडीबी सुरू होताना वाचतो त्या .जीडीबीइनिट मध्ये टाकून काम होत नाही ते यामुळे. याला चार किमती आहेत. "ऑफ" म्हणजे सगळे मोकळे. "ऑन" म्हणजे काहीही दिलं तरी फक्त चालू थ्रेड हलेल. "स्टेप" म्हणजे `स्टेप` आणि `नेक्स्ट` देताना फक्त चालू थ्रेड, पण `कंटिन्यू`, `फिनिश`, `अन्टिल` देताना सगळे. "रीप्ले" म्हणजे रेकॉर्ड केलेलं मागे-पुढे चालवताना ऑन, एरवी ऑफ. नव्या आवृत्त्यांत डीफॉल्ट हेच आहे, म्हणजे तुमच्यासाठी ऑफच.

तुमचं गोठणं इथेच समजून घ्या, कारण हे सेटिंग लावल्यावर ते वाढू शकतं. समजा "स्टेप" लावून तुम्ही `जॉब_घे()` या ओळीवर `नेक्स्ट` दिलं. त्या फंक्शनला आत क्यूचं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, म्हणजेच म्युटेक्स) हवं आहे आणि ते लॉक थ्रेड ५ कडे आहे. थ्रेड ५ ला तुम्हीच रोखून धरलं आहे. तो हलल्याशिवाय लॉक सुटणार नाही, आणि `नेक्स्ट` संपल्याशिवाय तो हलणार नाही. हा डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत कायमचं अडकणं) प्रोग्रॅममधला नाही, सेटिंगने तयार केलेला आहे. मॅलॉकसारख्या (मेमरी मागणाऱ्या) निरुपद्रवी कॉलमध्येसुद्धा आत लॉक असतं, तिथेही हेच होऊ शकतं. अशा वेळी कंट्रोल-सी दाबा, `बीटी` पाहा. वरच्या फ्रेममध्ये (स्टॅकमधल्या एका फंक्शनच्या नोंदीत) `__एलएलएल_लॉक_वेट`, म्हणजे लॉकची वाट, दिसलं की `सेट शेड्युलर-लॉकिंग ऑफ` करा, आपल्या फंक्शनच्या फ्रेमवर या आणि `फिनिश` द्या, मग पुन्हा "स्टेप" लावा. "ऑन" मी क्वचितच, दोन-चार ओळींपुरतं वापरतो. ते लावून विसरलात आणि `कंटिन्यू` दिलं की अख्खा सर्व्हर मेल्यासारखा दिसतो आणि माणूस नसलेला बग शोधत बसतो.

`प्रिंट फंक्शन()` करून जीडीबीतून फंक्शन बोलावणं हाही असाच सापळा आहे. डीफॉल्टमध्ये त्या एका कॉलपुरते सगळे थ्रेड सुटतात, आणि तुम्ही जपून धरलेली अवस्था निघून जाते. गोठलेला प्रोग्रॅम तपासताना डेटा थेट वाचा, फंक्शन बोलावू नका.

सगळ्यांना थांबवणं परवडत नसेल, उदाहरणार्थ एका थ्रेडला ठरावीक वेळेत हार्टबीट (जिवंत असल्याचा इशारा) पाठवायचा असेल, तर "नॉन-स्टॉप" पद्धत आहे. `सेट पेजिनेशन ऑफ` आणि `सेट नॉन-स्टॉप ऑन` या दोन्ही प्रोग्रॅम चालू करण्याआधी द्या. चालू प्रोग्रॅमवर पद्धत बदलता येत नाही. मग ब्रेकपॉइंटवर आलेला थ्रेडच थांबतो, बाकी चालत राहतात. `कंटिन्यू` एकाच थ्रेडला लागतं, सगळ्यांना सोडायला `कंटिन्यू -ए`, थांबवायला `इंटरप्ट -ए`. मात्र चालू थ्रेड सामायिक डेटा बदलत असतात, तेव्हा लागोपाठ केलेल्या दोन `प्रिंट`चे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. लॉकचा शोध घेताना ही पद्धत नको.

ब्रेकपॉइंट एका थ्रेडपुरता ठेवायचा तर `ब्रेक क्यू.सीपीपी:८८ थ्रेड ३`. दोन गोष्टी लक्षात ठेवा. थ्रेड ३ संपला की हा ब्रेकपॉइंट आपोआप पुसला जातो आणि तशी एक ओळ छापली जाते. अल्पायुषी थ्रेड असतील तर "लागतच नाही" असं वाटण्याचं हे चौथं कारण. शिवाय त्या ओळीवरचा ट्रॅप (थांबवणारी इन्स्ट्रक्शन) सगळ्यांनाच बसतो. बाकीचे सात थ्रेडही तिथे आले की कर्नल जीडीबीला उठवतो, जीडीबी "हा आपला नव्हे" म्हणून त्यांना पुढे ढकलतो. `इफ` लावलेल्या अटीचंही तसंच. दर वेळी प्रोसेस थांबून सुरू होत असल्याने सेकंदाला हजारो वेळा चालणाऱ्या ओळीवर असा ब्रेकपॉइंट ठेवला तर वेग कोसळतो आणि रेस (थ्रेडांच्या क्रमावर अवलंबून असणारा बग) दडून बसते. तिथे अट कोडमध्येच लिहा आणि अट खरी झाली की `रेझ(सिगट्रॅप)` करा, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःलाच थांबवणारा सिग्नल देतो. चुकीच्या अवस्थेत पोचल्यावरच प्रोग्रॅम थांबेल, एरवी जवळजवळ पूर्ण वेगाने धावेल. अट लिहिताना थ्रेड क्रमांकापेक्षा जॉबचा आयडी, कनेक्शनचा पत्ता असं डेटातलं काहीतरी धरा, ते पुढच्या रनमध्येही टिकतं.

थांबायचं नसून नुसतं छापायचं असेल तर `डीप्रिंटएफ` आहे, रीबिल्ड करावं लागत नाही. त्याची स्टाइल "जीडीबी" हीच राहू द्या. "कॉल" केली तर तुमच्याच प्रोग्रॅममधला प्रिंटएफ बोलावला जातो आणि स्टडीआयओचं (सी च्या छापण्या-वाचण्याच्या लायब्ररीचं) लॉक कुणाकडे असेल तर तिथे अडकता.

सिग्नलबद्दल थोडक्यात. सर्व्हर सिगयूएसआर१ वगैरे सिग्नल (प्रोसेसला दिलेले इशारे) स्वतःच्या कामासाठी वापरत असेल तर जीडीबी दर वेळी थांबेल. `हँडल सिगयूएसआर१ नोस्टॉप नोप्रिंट पास` द्या. "सिग३२" किंवा "सिग३३" वर थांबला तर ते ग्लिबसीचे अंतर्गत सिग्नल आहेत, थ्रेड रद्द करणं आणि सगळ्या थ्रेडांची युजर आयडी बदलणं यासाठीचे. त्यांनाही तेच लावा. "पास" विसरू नका, नाहीतर सिग्नल प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही आणि नवाच घोळ होतो. प्रोग्रॅमने सिगइंट (कंट्रोल-सी चा सिग्नल) ब्लॉक करून सिगवेटने ऐकायचं ठरवलं असेल आणि कंट्रोल-सी लागत नसेल, तर दुसऱ्या टर्मिनलमधून `किल -ट्रॅप` आणि प्रोसेस क्रमांक द्या.

एखादं व्हेरिएबल नेमकं कोण बिघडवतं हे शोधायचं असेल तर वॉचपॉइंट (किंमत बदलली की थांबवणारा), आणि तो `वॉच -एल` असाच लावा, म्हणजे पत्ता धरला जातो आणि फ्रेम संपली तरी वॉच टिकतो. लावल्यावर जीडीबी "हार्डवेअर वॉचपॉइंट" म्हणतो का ते वाचा. हार्डवेअरचा वॉच सगळ्या थ्रेडांवर लागू होतो. नुसतं "वॉचपॉइंट" छापलं तर तो सॉफ्टवेअरचा आहे: एकेक इन्स्ट्रक्शन चालवून तपासणारा, भयंकर संथ, आणि दुसऱ्या थ्रेडने केलेला बदल बिनदिक्कत चुकवणारा. एक्स८६ वर यासाठी चारच डीबग रजिस्टर आहेत, प्रत्येक जास्तीत जास्त ८ बाइटांचं. अख्खं स्ट्रक्चर वॉच करायला गेलात की ती पुरत नाहीत. नेमकं फील्ड निवडा. शिवाय `रीड` सारख्या सिस्टम कॉलमध्ये कर्नलने बफरवर लिहिलेलं या वॉचला दिसत नाही. आकडा बदलला पण वॉच लागला नाही, तर संशय तिकडे वळवा.

आता मूळ बगकडे. अडकलेल्या सर्व्हरसाठी स्टेपिंग हे सगळ्यात दुबळं हत्यार आहे. जीडीबीखाली बग येत नाही ना? मग जीडीबीखाली चालवूच नका. सर्व्हर त्याच्या नेहमीच्या वेगाने चालू द्या, अडकू द्या, आणि अडकल्यावर जोडा. अडकलेला प्रोग्रॅम कुठे पळून जात नाही, सगळा पुरावा जागच्या जागी असतो.

`जीडीबी -पी ४८१०`

"ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं तर आधी `/प्रोक/सिस/कर्नल/यामा/पीट्रेस_स्कोप` वाचा. ० असेल तर स्वतःच्या प्रोसेसला जोडता येतं. १ असेल तर फक्त जीडीबीनेच सुरू केलेल्या प्रोसेसला, म्हणून सूडो लागतो. २ म्हणजे सीएपी_एसवायएस_पीट्रेस हा अधिकार हवाच. ३ म्हणजे कुणालाच नाही, आणि रीबूटशिवाय ते खाली आणता येत नाही. कंटेनरमध्ये हा अधिकार सुरू करतानाच द्यावा लागतो. सगळं बरोबर असूनही नकार येत असेल तर त्या प्रोसेसच्या `/प्रोक` मधल्या स्टेटस फाइलीत ट्रेसरपिड पाहा. शून्य नसेल तर एसट्रेस (सिस्टम कॉल दाखवणारं साधन) किंवा दुसरा जीडीबी आधीच जोडलेला आहे, आणि एका वेळी एकच ट्रेसर चालतो.

जोडल्यावर पहिली कमांड `थ्रेड अप्लाय ऑल बीटी`. आउटपुट फाइलीत घ्या आणि शांतपणे वाचा. प्रत्येक थ्रेडच्या वरच्या चार-पाच फ्रेम बघून तीन ढीग करा: लॉकची वाट पाहणारे, कंडिशन व्हेरिएबलवर (अट बदलल्याचा इशारा येईपर्यंत) झोपलेले, आणि नेटवर्क किंवा डिस्कवर थांबलेले.

लॉकवाल्यांपासून सुरुवात करा. समजा थ्रेड ३, एलडब्ल्यूपी ४८१९, `__एलएलएल_लॉक_वेट` मध्ये आहे, त्याखाली `पीथ्रेड_म्युटेक्स_लॉक`, आणि त्याखाली तुमचं `क्यू::टाक`. `थ्रेड ३` द्या, `अप` करत आपल्या फ्रेमवर या आणि विचारा:

`प्रिंट धिस->लॉक_._एम_म्युटेक्स.__डेटा.__ओनर`

(सी मधला पीथ्रेड म्युटेक्स असेल तर मधलं `_एम_म्युटेक्स` नको.) उत्तर आलं ४८२१. हा एलडब्ल्यूपी क्रमांक आहे, जीडीबीचा थ्रेड क्रमांक नव्हे. इथे बरेच जण घसरतात. `इन्फो थ्रेड्स` मध्ये ४८२१ शोधा: थ्रेड ५, "टायमर". त्याचा स्टॅक पाहा. तोही लॉकवर थांबला आहे, पण सेशन टेबलच्या. त्या म्युटेक्सचा ओनर विचारला तर ४८१९. वर्तुळ पूर्ण झालं. थ्रेड ३ ने आधी सेशन टेबल मग क्यू, थ्रेड ५ ने आधी क्यू मग सेशन टेबल, असा उलटा क्रम घेतला आहे. दोन्ही स्टॅकमध्ये पहिलं लॉक कुठल्या फंक्शनने धरलं ते खाली दिसतंच. दुरुस्ती म्हणजे दोन्हीकडे एकच क्रम, किंवा दोन्ही लॉक `एसटीडी::स्कोप्ड_लॉक` ने एकदम घेणं.

उत्तर नेहमी इतकं सरळ येत नाही. ओनर म्हणून आलेला क्रमांक यादीतच नसेल, तर तो थ्रेड लॉक हातात ठेवूनच संपला आहे: मधूनच रिटर्न, किंवा `पीथ्रेड_कॅन्सल`. ओनर कुणाचीही वाट पाहत नसून एखाद्या लूपमध्ये फिरत असेल किंवा `रिसीव्ह` मध्ये बसला असेल, तर डेडलॉक नाहीच; लॉक धरून कुणीतरी लांबचं काम करतंय. ओनर ० पण `__लॉक` शून्य नाही, असं विसंगत चित्र असेल तर म्युटेक्सवर मेमरी लिहिली गेली आहे का, ते ऑब्जेक्ट आधीच नष्ट झालं आहे का, याकडे वळा. (हार्डवेअर लॉक एलिजन, म्हणजे लॉक प्रत्यक्ष न घेता पुढे जाण्याची प्रोसेसरची सोय, चालू असलेल्या सिस्टमवर ओनर नोंदला जात नाही, तो अपवाद सोडा.) वाचन-लेखन लॉकसाठी `__डेटा.__कर_रायटर` मध्ये लिहिणाऱ्याचा क्रमांक असतो. वाचणाऱ्यांची मात्र फक्त संख्या ठेवली जाते, कोण ते नाही.

कुणीच लॉकवर नाही आणि सगळे वर्कर `पीथ्रेड_कॉन्ड_वेट` मध्ये झोपले आहेत, तर ज्या अटीची ते वाट पाहतात ती छापा. क्यूची लांबी ० असेल तर ते योग्यच झोपले आहेत, काम देणारा कुठे अडला ते बघा. लांबी ० पेक्षा जास्त असून सगळे झोपलेले असतील तर जागं करणारा इशारा हरवला आहे. जवळजवळ नेहमी कारण एकच: अट बदलताना तेच म्युटेक्स धरलेलं नव्हतं. ॲटॉमिक (एका दमात बदलणारा) फ्लॅग लॉकशिवाय बदलून लगेच नोटिफाय केलं, आणि तो नेमका दुसऱ्याच्या "अट तपासली" आणि "झोपलो" यांच्या मधल्या फटीत पडला. फ्लॅग ॲटॉमिक असल्याने ही फट बुजत नाही. अट म्युटेक्स धरूनच बदला, आणि झोपणाऱ्याने `व्हाइल` मध्ये तपासून झोपावं, `इफ` मध्ये नव्हे.

सर्व्हर जास्त वेळ थांबवून ठेवता येत नसेल तर `जीकोअर` ने कोअर (प्रोसेसच्या मेमरीची फाइलीतली प्रत) काढा आणि सोडून द्या. वरची सगळी तपासणी कोअरवरही होते, म्युटेक्सचे ओनरसुद्धा तसेच दिसतात. फक्त ज्या बायनरीचा कोअर, तीच बायनरी जीडीबीला द्या.

जोडून सोडल्यावर सर्व्हर अचानक चालू लागला तर ते बुचकळ्यात टाकणारं असतं, पण त्याला कारण आहे. थ्रेड थांबवून सोडला की `ईपोल_वेट`, `सिगटाइम्डवेट`, `सेमॉप` असे कॉल ईइंटर (मध्येच अडवलं गेल्याची एरर) घेऊन वेळेआधी परतू शकतात. तुमचा लूप त्या निमित्ताने पुन्हा अट तपासतो आणि हरवलेला इशारा भरून निघतो. म्हणजे बग बरा झाला नाही, उलट हरवलेल्या इशाऱ्याचा पुरावाच मिळाला. याच्या उलटही होतं: ईइंटर न हाताळणारा कोड जीडीबी जोडताच मोडतो. तोही खराच दोष आहे, दुरुस्त करा.

बग अडकण्याचा नसून डेटा बिघडण्याचा असेल तर आधी थ्रेड सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना रेस पकडणारी कंपायलरची सोय. `-एफसॅनिटाइझ=थ्रेड` ने सगळा कोड कंपाइल करा. प्रोग्रॅम साधारण ५ ते १५ पट मंद होतो आणि मेमरी ५ ते १० पट लागते, पण रेस प्रत्यक्ष आदळायची गरज नसते. दोन ॲक्सेसमध्ये सिंक्रोनायझेशन नाही एवढं दिसलं की दोन्हींचे स्टॅक मिळतात. लॉकच्या उलट्या क्रमाचीही तो सूचना देतो, तेव्हा तुमच्या सर्व्हरला एकदा लावाच. `ब्रेक __टीसॅन_ऑन_रिपोर्ट` दिलंत तर नेमक्या त्या क्षणी जीडीबीत थांबता येतं. जो कोड चाललाच नाही त्याबद्दल मात्र तो काही सांगत नाही, आणि ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा) त्याच बिल्डमध्ये चालत नाही.

दुसरं हत्यार आरआर, म्हणजे प्रोग्रॅमचा रन रेकॉर्ड करून पुन्हा चालवून दाखवणारा डीबगर. `आरआर रेकॉर्ड --केऑस` ने बग येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा. केऑसमध्ये थ्रेडांची पाळी मुद्दाम वेडीवाकडी ठेवली जाते, त्यामुळे दुर्मीळ क्रम लवकर समोर येतात. एकदा रेकॉर्ड झालं की `आरआर रीप्ले` मध्ये तोच रन हवा तितक्या वेळा, तसाच मिळतो. बिघडलेल्या फील्डवर `वॉच -एल` लावा आणि `रिव्हर्स-कंटिन्यू` द्या. शेवटचं कुणी लिहिलं तिथे तुम्ही मागे जाऊन पोचता. मर्यादा दोन. त्याला प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर लागतात, म्हणून बऱ्याच व्हर्च्युअल मशीनवर तो चालत नाही, आणि `पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड` हे कर्नलचं सेटिंग १ किंवा कमी हवं. शिवाय तो सगळे थ्रेड आळीपाळीने प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालवतो, तेव्हा दोन कोअर खरोखर एकाच क्षणी लिहितात तेव्हाच येणारे, मेमरी ऑर्डरिंगचे बग त्यात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी सॅनिटायझरच बरा.

जीडीबीखालीच पुन्हा पाहायचं असेल तर निदान `सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ` करा. जीडीबी डीफॉल्टने पत्त्यांचं रँडमायझेशन बंद करतो आणि प्रत्येक रनमध्ये मेमरीची मांडणी तीच राहते. पत्त्यांवर अवलंबून असणारे बग त्यामुळेही लपतात.

यातून उत्तर निघालं नाही तर पुढच्या वेळी एवढं जोडा: `जीडीबी --व्हर्जन`, ग्लिबसीची आवृत्ती, कंपाइल करतानाचे पर्याय, अडकलेल्या अवस्थेतला `इन्फो थ्रेड्स` आणि `थ्रेड अप्लाय ऑल बीटी` चा पूर्ण मजकूर, आणि लॉकवर थांबलेल्या प्रत्येक थ्रेडसाठी त्या म्युटेक्सचा ओनर. आउटपुट फाइलीत घ्यायला जीडीबी १२ पासून `सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन`, त्याआधीच्या आवृत्तीत `सेट लॉगिंग ऑन`. आधी `सेट पेजिनेशन ऑफ` द्या, नाहीतर दर पानाला एंटर दाबत बसाल.